सत्ताविसावा लागला होता

पिंपळे सौदागर
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

आई,

वर 'तीर्थस्वरूप' लिहायला घेतलं आणि खोडलं. राग म्हणून नाही. हात तिथंच थांबला, एवढंच. हल्ली हाताचं असं होतं.

पत्र बघून तुम्ही समर्थला विचाराल, "सुनंनं फोन का न्हाई केला?" तर तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही म्हणून. तुम्ही आपलं बोलून मोकळ्या होता, समोरच्याचं काही ऐकत नाही. आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. वाचायला तुम्हाला चांगलं दिसतं, चष्माही नवा आहे. तुमचा लेक दर रविवारी आळंदीला येतोच, त्याच्या हाती देते. तो मध्येच उघडून वाचणार नाही. वाचलं तर वाचू दे बापडा.

तुम्ही पाठवलेला डबा मिळाला. फ्रीजवर ठेवलाय. उघडला नाही.

मी कामावर जायला लागले. चाकणला जायची कंपनीची बस तीच, खिडकीही तीच. मोशीला ट्रॅफिकमध्ये अडकतो तेही तसंच. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मीच बाळ आहे आणि नुकती झोपलेय. मला काही वाटत नाही, आई. लोकांना वाटतं मी धीराची आहे. धीर वगैरे काही नाही. दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला नसतो, तशी मी सगळीच आहे.

गुरुवारी शेखरनं केबिनमध्ये बोलावलं. शेखर म्हणजे आमचा एचआर मॅनेजर, रजा-पगार बघतो, माणूस वाईट नाही. खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं, मग म्हणाला, "मॅडम, एक नाजूक विषय आहे. तुमची रजा गर्भपात म्हणून टाकलीय, सहा आठवड्यांची. ती संपली. हॉस्पिटलच्या कार्डावर सव्वीस आठवडे लिहिलंय ना, कायद्यात सव्विसाव्यापर्यंत गर्भपातच धरतात. त्याच्यापुढं प्रसूती."

मी म्हटलं, "बरं." आणि जेवायला गेले. भेंडी होती. डबा पूर्ण संपवला.

तुम्हाला माहितीये, माझं कामच ते. कंपनीला कुठले कायदे लागू होतात, कुठला कागद कधी भरायचा, हे मी बघते. हा कायदाही माझ्याच कपाटात आहे. एकसष्ट सालचा, केंद्र सरकारचा, बाळंतपणाच्या रजेचा. शंभर वेळा उघडला असेल, दुसऱ्या बायकांसाठी. जेवून आल्यावर स्वतःसाठी उघडला. सुरुवातीलाच शब्दांचे अर्थ दिलेत. एका ठिकाणी म्हटलंय, 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरायचं. सरळ एक ओळ. आणि खाली गर्भपाताचा अर्थ : सव्विसाव्या आठवड्यात किंवा त्याआधी गर्भाशयात जे असेल ते बाहेर पडणं.

जे असेल ते. म्हणजे एका बाजूला मूल, दुसऱ्या बाजूला 'जे असेल ते', आणि मध्ये तो सव्विसावा आठवडा. शेखरनं मला 'जे असेल ते'च्या बाजूला ढकललंय.

तुम्हीही तेच केलंत. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये उभ्या राहून तुम्ही गावाकडं मावशींना फोन लावलात. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही मोठ्यानं बोलता, आणि माझ्या खोलीचं दार उघडं होतं. "पोट पडलं गं सुनंचं माझ्या, पोट पडलं!" अख्ख्या मजल्याला कळलं. आई, मी रात्रभर कळा दिल्या होत्या. टाके पडले होते. पोट पडलेल्या बाईला कुणी असं पाय धरून "अजून एक जोर दे" म्हणतं का?

त्या दिवसापासून मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही चार दिवसांनी पिशवी भरून आळंदीला गेलात. बसस्टॉपपर्यंतही मी आले नाही.

तर मी ठरवलंय. हा सव्वीस आकडा या कायद्यात कुणी आणला, का आणला, कोण काय बोललं, ते सगळं शोधून काढणार. रजा मला नकोय. घरी बसून काय करू, भिंती पुसू? मला फक्त कंपनीच्या नोंदीतला तो शब्द बदलून हवाय. 'गर्भपात' काढून तिथं 'प्रसूती' हवंय. माझं मूल होतं, असं कुठंतरी एका ठिकाणी लिहिलेलं असावं, बस.

सुखदा


गुरुवार, १५ ऑगस्ट २०२४

आई,

समर्थ म्हणाला, "आईनं वाचलं. घडी करून पोथीत ठेवलं." ठीक आहे. उत्तर मागितलंच नव्हतं.

आज सुट्टी. खाली सोसायटीत झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली. मी गेले नाही, तर नवव्या मजल्यावर घरपोच जिलेबी आली. आणणाऱ्या बाईंनी माझ्या पोटाकडं बघितलं, मग जिलेबीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "गरम आहे, खाऊन घ्या हं."

कामाचं सांगते. शेखरला मी म्हटलं, तुझा हिशोब चुकलाय. कार्डावरचे सव्वीस म्हणजे सरलेले सव्वीस. डॉक्टर सरलेलेच लिहितात, मी त्यांच्याकडून तशी चिठ्ठीही आणली. सव्वीस सरले म्हणजे सत्ताविसावा लागला. पोराचा पहिला वाढदिवस झाला की त्याला दुसरं वर्ष लागतं, हे शेंबडं पोरही सांगेल. कायदा म्हणतो सव्विसाव्या आठवड्यात. मी त्या आठवड्यातून बाहेर पडले होते.

शेखर म्हणाला, "मॅडम, कार्डावर सव्वीस, कायद्यात सव्वीस. ऑडिटवाला एवढंच बघणार." त्यानं पुण्यातल्या कंपनीच्या वकिलांना विचारलं. विजयश्री मॅडम म्हणून आहेत, कामगार कायद्यातल्या जुन्या. त्यांनी उत्तर पाठवलं की संसदेला पूर्ण झालेला आठवडा अभिप्रेत होता की चालू, हे बघावं लागेल, कायद्याचा इतिहास काढा. आणि शेखरनं तो मेल मला पुढं पाठवला! "तुमचंच खातं आहे, तुम्हीच काढा ना." हसूच आलं हो. म्हणजे हसायला यावं असं होतं, तोंड तसं झालं.

बसमध्ये मात्र एक गोष्ट आठवली आणि ती काही केल्या जाईना. मे महिन्याच्या शेवटी तुमच्या दोघी बहिणी इथं आल्या होत्या. तुम्ही खुशीत होतात. "आता पंधरा दिसांत सातवा लागंल, डोहाळजेवान उरकून घेऊ," म्हणालात. मी सगळ्यांदेखत तुम्हाला तोडलं, "आई, अजून सहासुद्धा झाले नाहीत." तुम्ही म्हणालात, "आमी लागलेला धरतो." मी म्हटलं, "डॉक्टरांकडे झालेला धरतात." झालं. तुम्ही चहाचे कप उचलून आत गेलात. डोहाळजेवण मी पुढं ढकललं, सात पूर्ण झाल्यावर करू म्हणून. चिंचवडहून आणलेली हिरवी साडी अजून पिशवीतच आहे.

आता बघा गंमत. आज मी शेखरला जे ओरडून सांगतेय ते तुमचंच गणित आहे. लागलेला धरा, लागलेला धरा. आणि शेखर माझ्यासारखं बोलतोय.

संसदेत झालेली भाषणं आता कॉम्प्युटरवर सापडतात. पानांचे फोटो काढून ठेवलेत, अक्षरं पुसट, मध्येच पान तिरकं. शब्द टाकून शोधता येत नाही, पानं उलटतच जावं लागतं. साठ आणि एकसष्ट साल उतरवून घेतलंय. वाचते.

सुखदा


रविवार, २५ ऑगस्ट २०२४

आई,

काही सापडलं नाही.

आधी मागं गेले. आपल्याकडचा असला पहिला कायदा मुंबई इलाख्यात झाला, एकोणतीस साली. गिरण्यांतल्या बायकांसाठी. मग इतर प्रांतांचे आपापले झाले, खाणींचा वेगळा झाला. मग देशभर एकच हवा म्हणून एकसष्टचा आणला. मसुदा वाचला, त्याच्याबरोबरचं निवेदन वाचलं, चर्चा वाचली. पैसे मालकानं द्यायचे की विम्यातून, मळ्यातल्या बायकांचं काय, किती दिवस आधीपासून नोकरीत असायला हवी, यावर लोक पोटतिडकीनं बोललेत. चांगलं बोललेत. मी पेन्सिल घेऊन बसले होते, कुणीतरी उठून विचारेल, 'अध्यक्ष महाराज, सव्वीसच का? आणि सव्विसाव्याच्या शेवटच्या दिवशी बाई मोकळी झाली तर?' मी वाचलेल्या पानांत तरी कुणी नाही विचारलं. ती ओळ आली आणि मंजूर होऊन पुढं गेली.

दोन हजार सतरा साली कायदा बदलला, तेव्हाचीही चर्चा वाचली. तेव्हा बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस केली. म्हणजे आता कायद्यात दोन सव्वीस. शेखरचा त्यात इतका घोळ झालाय की त्यानं मला लिहिलं, 'आपले सव्वीस आठवडे झालेले असल्याने आपल्याला सव्वीस आठवडे देता येणार नाहीत.' मी ते वाक्य तीनदा वाचलं. चूक काढायचीही इच्छा होईना.

काल समर्थ माझ्यावर चिडला. सेकंड शिफ्ट करून आला तर मी डायनिंग टेबलावर पानं पसरून बसलेली. "काय मिळणार आहे यातनं? सांग मला, काय मिळणार आहे?" मी म्हटलं, "शब्द." तो म्हणाला, "शब्दाचं काय करायचंय? गेलं ना ते." मी म्हटलं, "ते काय? काय गेलं? त्याला नाव सांग." तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला. बराच वेळ. मला ठाऊक होतं आत काय चाललंय. उठून दार वाजवायला हवं होतं. मी पुढचं पान उलटलं.

तुमच्या लेकाचं वाईट वाटत नाही असं नाही. वाईट वाटायला हवं, हे कळतं, पण वाटणं काही वर येत नाही.

तुम्ही दोघंच घेऊन गेलात त्या दिवशी. तुम्ही कापडात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि त्यानं गाडी चालवली, एवढं मला नर्सनं सांगितलं. नर्सनं आधी मला विचारलंही होतं, "बघायचंय का?" मी मान हलवली. मान कशी हलवली ते मलाच नीट कळलं नाही, पण तिनं 'नाही' असंच धरलं. मग मी कुणालाच काही विचारलं नाही. कुठं नेलं, कसं होतं, काही नाही. समर्थनंही आपणहून सांगितलं नाही. नंतर एकदाच म्हणाला, "मी बघितलं नाही. माझ्याच्यानं झालं नाही. आईनंच सगळं केलं."

आज त्याची डबल शिफ्ट आहे, तो येणार नाही. पत्र मीच घेऊन येते. भेटेन असं नाही. दाराखालून सरकवीन.

सुखदा


सोमवार, २ सप्टेंबर २०२४

आई,

मागच्या रविवारी मी आले होते, हे तुम्हाला कळलंच असणार. दाराखालून पत्र टाकलं तर ते नेमकं अडकून बसलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. ते ओढत होते तेवढ्यात तुमच्या घरमालकांची बायको आली, त्या ज्योतीराम फुलवाल्यांची. हातात झेंडूची टोपली. मला म्हणाली, "कोन पायजे? मंजुळामावशी कीर्तनाला गेल्यात." मला हसू आलं, खरंखुरं. ऐकू येत नाही तरी कीर्तनाला जाऊन बसता!

मी सून म्हटल्यावर तिनं टोपली खाली ठेवली. आत बोलावलं, चटई टाकली. मी म्हटलं मला उशीर होतोय. तिनं ऐकलं नाही. तुमच्यासारखीच आहे.

बोलता बोलता म्हणाली, "मावशी रोज काकड आरतीला असत्यात, पर जूनात धा दिस देवळात पाऊल न्हाई टाकलं. हितंच पायरीवर बसून हात जोडायच्या. मी म्हनलं, मावशी, बरं न्हाई का? तर म्हनल्या, घरात बाळंतपन झालंय, बाळ गेलं, सुवेर आन् सुतक दोन्ही एकदमच हाय मला."

मी म्हटलं, "बाळंतपण म्हणाल्या?"

"व्हय की. दुसरं काय म्हनतील?"

मग मीच तिला सांगितलं, पॅसेजमधलं, फोनवरचं. कसं कोण जाणे, परक्या बाईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अगं बाई, तसं सांगायलाच लागतंय गावाला. बाळंत झाली म्हनलं की गाडी भरून बाया येत्यात बघायला. पाळना कुटं हाय, कुनावर गेलं हुतं, कसं काय झालं, हजार चवकशा. पोट पडलं म्हनलं की कुनी उंबरा चढत न्हाई. मावशींनीच सांगितलं मला. म्हनल्या, पोरीला निवांत पडू दे, म्हनून तसं सांगितलं."

आई, खरंच कुणी आलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, कुणाला काही पडलीच नाही. तुमच्या बहिणी आल्या नाहीत, जाऊबाई आल्या नाहीत. मी मनात एकेकीचं नाव धरून बसले होते. आणि तुम्ही त्या एका शब्दानं बाहेरून कडी लावून घेतली होती. ती आतून मला दिसली नाही.

मला सांगायचं होतंत ना हो. मान्य, मी तोंड भिंतीकडं केलं होतं. पण हलवून सांगायचं. तुम्ही कुणाला हलवायला कधीपासून भ्यायला लागलात?

चौथ्या दिवशीचंही आता आठवतंय. पहाटे मला दूध आलं. गाऊन ओला झाला, मी नुसती बघत बसले, मला वाटलं पाणी सांडलंय. तुम्ही आलात, तुमचं जुनं लुगडं फाडलंत आणि माझ्या छातीला घट्ट पट्टा बांधलात. तुम्ही लगेच पिशवी भरायला घेतलीत आणि मी म्हटलं, बरं झालं, जातायत.

घरी येऊन फ्रीजवरचा डबा उघडला. मला वाटलं होतं बेसनाचे असतील, समर्थसाठी. डिंकाचे होते. बाळंतिणीचे. खारीक-खोबरं सगळं घातलेलं, खसखससुद्धा. उभ्यानंच दोन खाल्ले. तिसरा समर्थला दिला तर म्हणाला, "हे तुझ्यासाठीच आहेत, मला हात लावू नको म्हणालीय आई." महिनाभर त्याला माहीत होतं आणि ठोंब्यानं तोंडातून शब्द काढला नाही. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिथंच ओट्याशी दोघंही उभे राहिलो.

रडले नाही. रडले असं तुम्हाला सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं तुम्हाला, पण खोटं कशाला लिहू. लाडवाची चव लागली. बऱ्याच दिवसांनी कशाची तरी चव लागली.

इतिहासाची टिपणी पाठवून दिली विजयश्री मॅडमना. एकोणतीसपासून सगळं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं की या आकड्याबद्दल सभागृहात कुणी काही विचारल्याचं मला आढळलं नाही. खाली सही केली. आता त्या काय ते ठरवतील. मी आपली बसमधून जाते-येते.

तुमची
सुखदा


रविवार, २२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप आईंना,

लिहिलं बघा या वेळी.

विजयश्री मॅडमचं उत्तर आलं. सगळं मिळून चार ओळी. कायद्याचे शब्द स्पष्ट असतील तर इतिहासात जायचं कारण नसतं. 'सव्विसाव्या आठवड्यात' याचा अर्थ तो आठवडा चालू असताना. सव्वीस आठवडे पूर्ण झाल्यावर सत्ताविसावा चालू होतो. सबब ही प्रसूती आहे आणि कायद्याच्या अर्थानं जन्मलेलं ते मूल आहे.

म्हणजे एवढी पानं उलटली ती फुकटच. लागलेला धरा, एवढंच त्यांनी सांगितलं. ते तुम्ही मे महिन्यातच सांगून, कप उचलून आत गेला होतात.

शेखर बिचारा स्वतः माझ्या टेबलापाशी आला. "सॉरी मॅडम. मी आजच बदलतो. पूर्ण रजा मिळेल, उद्यापासून घरी राहा." मी म्हटलं, बघते. त्यानं माझ्यासमोरच 'गर्भपात' पुसलं आणि 'प्रसूती' निवडलं. मी त्याच्या खांद्यावरून बघत होते. मला वाटलं होतं काहीतरी होईल. छातीत, डोळ्यांत, कुठंतरी. इतके दिवस त्या एका शब्दामागं लागले होते, तो समोर उमटला आणि मी त्याच्या कीबोर्डवरची धूळ बघत होते.

मग स्क्रीनवर खाली एक नवा रकाना उघडला. गर्भपाताला तो नसतो. प्रसूतीला असतो, कारण प्रसूती म्हटलं की मूल आलं. तो भरल्याशिवाय कंपनीचं सॉफ्टवेअर पुढं जात नाही.

मुलगा / मुलगी.

शेखरनं बोट माउसवर ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. आजूबाजूला सगळे टाइप करत होते. "मॅडम?" म्हणाला. मी म्हटलं, "माहीत नाही."

त्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याची कीव आली. "ठीक आहे, ठीक आहे, नंतर भरू," म्हणाला आणि स्क्रीन बंद केली. मी टॉयलेटमध्ये गेले, कडी लावली. आणि आई, तिथं ते आलं. इतके दिवस कुठं होतं कोण जाणे. तोंडात ओढणी कोंबली तरी आवाज बाहेर जात होता. साफसफाईवाल्या मावशी बाहेरून दार वाजवत होत्या, "ताई, काय झालं? ताई, उघडा." मला सांगताच येईना काय झालं. काय झालं हेच तर मला माहीत नव्हतं.

जन्माआधी सांगायला कायद्यानं बंदी, म्हणून तेव्हा कळलं नाही. नंतर मी मान हलवली, म्हणून कळलं नाही. आणि मग मी संसदेची जुनी पानं उलटत बसले, म्हणजे कुणी मला ते विचारणार नाही आणि मीही कुणाला विचारणार नाही.

हॉस्पिटलात नोंद असणार. मागितली तर मिळेल. पण मला ते कागदावरून नकोय. समर्थनं बघितलं नाही. तुम्ही बघितलंत. तुम्ही कापडात घेतलंत, मांडीवर ठेवलंत, रस्ताभर धरून बसलात. या जगात त्याला नीट बघितलेलं माणूस तुम्ही एकट्याच आहात.

काय होतं, आई? मुलगा होता की मुलगी? नाक कुणासारखं होतं? केस होते का? हात उघडे होते की मुठी? रकान्यात एवढं सगळं मावणार नाही, पण मला सांगा.

समर्थकडं चिठ्ठी देऊ नका. ज्योतीरामांच्या घरून फोन लावा. उद्या मी घरीच आहे, रजेवर. मी काही बोलणार नाही, म्हणजे तुम्हाला ऐकायचंही काम नाही. तुम्ही नेहमीसारखं बोला, मोठ्यानं. त्या दिवशी बोललात तसं. सगळ्या आळंदीला ऐकू गेलं तरी चालेल.

तुमची,
बाळंतीण सून
सुखदा